दिगूची पांढरी पानं

माणूस गेला की त्याच्याबद्दल चार बरे शब्द लिहायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. दिगंबर बोरीकर गेलेला नाही. चांगला ठणठणीत आहे, माझ्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे राहतो, आणि आत्ता मी हे लिहिते आहे तर त्याच्या भट्टीचा वास माझ्या स्वयंपाकघरात येतो आहे. त्यामुळे बरे शब्दच लिहिले पाहिजेत असं माझ्यावर काही बंधन नाही. तो जायची वाट बघत बसले तर बहुतेक मीच आधी जाईन.

लिहायला कारण झाली ती भोपाळहून आलेली एक मुलगी. दिगूवर छोटा सिनेमा काढते आहे म्हणे. चिनीमातीतला मोठा शिल्पकार, जंगलाच्या कुशीत राहून काम करणारा, वगैरे. माझ्या अंगणात कॅमेरा मांडून म्हणाली, "आंटीजी, पड़ोसी के नाते उनके बारे में दो शब्द कहिए." मी दोनच सांगितले. तिनं कॅमेरा बंद केला, चहा घेतला आणि गेली. उरलेले इथं लिहिते.

बालाघाटात आमच्यासारखी मराठी घरं जुनी आहेत. कुणाचे आजोबा रेल्वेत आले, कुणाचे कचेरीत, आणि इथंच राहून गेले. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि भांडताना जे तोंडाला येईल ते. दिगूचे वडील जंगलखात्यात होते. आईवडील लवकर गेले. मोठ्या भावानं, ज्यांना सगळी गल्लीच भाऊ म्हणायची, आणि कुसुमवहिनीनं त्याला वाढवला. त्या दोघांना मूल नव्हतं. दिगूला बाहेरगावी कला शिकायला धाडला, तिथून तो चिनीमातीचं काम शिकून परत आला. येताना मानेवर रुळणारे केस आणले, खादीचा कुडता आणला आणि एक वाक्य आणलं: "निसर्ग माझा गुरू आहे." हे वाक्य तो मराठीत म्हणतो, हिंदीत म्हणतो, पाहुणे तसे असले तर इंग्रजीतही म्हणतो.

या गुरूशी त्याचे संबंध कसे आहेत ते मी भिंतीवरून पाहत आले आहे. मागच्या अंगणात कडुनिंब होता, भाऊंच्या वडिलांनी लावलेला. त्याची पानं वाळत घातलेल्या कामावर पडतात म्हणून दिगूनं तो तोडवला. पारिजातकाखाली मुंग्या होतात म्हणून पारिजातक गेला. मग धूळ उडते म्हणून सगळ्या अंगणाला सिमेंट घातलं. उरली ती एक कुंडी, फोटोपुरती. एरवी तो पुस्तकातली मराठी बोलतो, 'अस्तित्व', 'स्पंदन', 'अवकाश' असले शब्द त्याच्या तोंडात लाडवासारखे बसलेले असतात. पण भिंतीवर पाल दिसली की स्पंदन-बिंदन सगळं जातं आणि अस्सल आवाज बाहेर पडतो. "ओ वहिनी, या नं लवकर. पाल हाय इथं." वहिनी गुडघे धरत उठायची, केरसुणी घेऊन जायची आणि पाल हाकलायची. निसर्गाचा शिष्य तोवर खुर्चीवर चढलेला असायचा.

एकदा कुठल्याशा मासिकवाल्यांनी त्याला कान्ह्याच्या जंगलात नेलं, सालवृक्षांच्या रानात फोटो काढायला. गाडी आमच्याच गल्लीतल्या टेंभऱ्यांच्या गजाननची होती, म्हणून मला कळलं. गजानन म्हणाला, "काकू, साहेब जीपच्या खाली उतरलेच नाही नं. काच वर, रुमाल नाकाले. म्हणे धूल की एलर्जी है. फोटो बी शेवटी आमच्या परसवाड्याच्या मामाच्या वावराच्या धुऱ्यावर काढला." शेताच्या बांधावरचा तो फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, घनदाट अरण्यात चिंतनमग्न.

बरं, हाताला तरी काही असावं. त्याची सुरुवातीची पानं मी पाहिली आहेत. ज्वारीच्या भाकरीइतकी जाड. पिंपळाचं पान केलं तर ते पिंपळाचं आहे हे त्याला शेजारी उभं राहून सांगावं लागायचं. बेडूक केले ते बटाट्यासारखे दिसायचे. कुणी घ्यायचं नाही. भाऊ बिचारे म्हणायचे, "येईल त्याचा हात, वेळ लागते." भाऊंचं सगळं आयुष्य त्याचा हात येण्याची वाट बघण्यात गेलं, आणि एक दिवस ते खरंच गेले. वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या भाद्रपदात ही खरी गोष्ट सुरू झाली.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, तीन दिवस माहेरी यायच्या. मातीचे मुखवटे, खाली धडाच्या जागी कोठ्या, त्यांना नवी लुगडी, सोबत त्यांची दोन लेकरं. बोरीकरांचे मुखवटे वहिनीच्या सासूच्याही आधीचे. वहिनी वर्षभर त्या तीन दिवसांवर जगायची. मला एकदा म्हणाली होती, "मंदा, तुह्या पोरी दिवाळीले येतात नं, तश्या माह्या भादव्यात येतात." हसत म्हणाली, पण ती थट्टा नव्हती. मूल नसलेल्या बाईच्या घरी वर्षातून एकदा लेकी येत होत्या, लेकरं घेऊन येत होत्या, जेवून-खाऊन जात होत्या. बाकी तिनं आयुष्यात काही मागितलेलं मला माहीत नाही.

पण बोरीकरांची रीत अशी, की पूजेला घरचा पुरुष बसतो. भाऊ गेले, राहिला दिगू. तो बसला नाही तर महालक्ष्म्या दुसऱ्या घरी द्यायच्या, आणि राजेगावची चुलत जाऊ त्या न्यायला टपलेलीच होती. वहिनीनं दिगूला विचारलं. त्यानं व्याख्यान दिलं. आपण कर्मकांड मानत नाही, मातीच्या मुखवट्यांपुढं हात जोडणं ही मानसिक गुलामगिरी आहे, आणि आपला देव पानाफुलांत आहे. वहिनी ऐकून घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि जावेला निरोप धाडला. मग फुलोरा करायला बसली, कारण लेकींना रिकाम्या हातानं सासरी कसं पाठवणार?

फुलोरा म्हणजे महालक्ष्म्यांच्या डोक्यावर दोऱ्यांनी टांगतात ते तळलेल्या पिठाचे दागिने. वेणी, फणी, करंज्या, चांदोबा, विड्याची पानं, कमळं. घरोघरी होतो, पण वहिनीसारखा मी कुठं पाहिला नाही. तिची पापडी अशी पातळ की उजेडाला धरली तर मागचं बोट दिसावं. पानाच्या कडा ती नखानं दुमडायची, शिरा काडीनं ओढायची. तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या की तो फुलोरा मोडून गल्लीभर वाटायचा. आमची पोरं त्यासाठी वहिनीच्या ओट्यावर ठाण मांडून बसायची.

त्या दिवशी दिगू चहा मागायला स्वयंपाकघरात आला आणि परातीतलं एक पान उचलून खिडकीशी गेला. मी तिथंच करंज्या भरत होते. बराच वेळ पाहिलं त्यानं. मग परातीतलं सगळं एकेक करून पाहिलं. आणि म्हणाला, "वहिनी, बसतो मी पूजेले. पण हे झालं का सगळं मले पाहिजे."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, देवीनं बुद्धी दिली. मलाही क्षणभर तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

झालं असं, की चिनीमाती पातळ कालवून तिच्यात एखादी वस्तू बुडवायची, वरचा थर वाळू द्यायचा आणि भट्टीत घालायची. आतली वस्तू जळून जाते, मातीचं कवच तेवढं राहतं. ही युक्ती दिगूनं शिकताना कुठंतरी पाहिली होती. इतके दिवस तो खरी पानं बुडवून पाहत होता, ती लोळागोळा व्हायची. वहिनीची पानं उभी राहत होती. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे लोक मी खूप पाहिले, पण पीठच जाळून रेघोट्या आपल्या म्हणून सांगणारा हा एकच.

तिसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं ओट्यावर बसून राहिली आणि दिगू फुलोरा खोक्यात भरून भट्टीकडे घेऊन गेला. देवीचा प्रसाद होता बाप्पा तो. मी वहिनीला म्हटलं, तर ती म्हणाली, "जाऊ दे नं मंदा. बसला नं तो." पुढं कितीतरी वर्षं मी हेच उत्तर ऐकलं.

पहिल्या खेपेला पिठात तेल होतं म्हणून माती नीट धरली नाही. भट्टीतून निघालं ते सगळं भोकाभोकांचं. कुणी दुसरा असता तर डोक्याला हात लावून बसला असता. दिगूनं त्याला 'कीड लागलेलं रान' असं नाव दिलं आणि ते भोपाळला मांडलं. लोक हळहळले. जंगलाचा ऱ्हास इतक्या हळुवारपणे कुणी दाखवला नव्हता म्हणे.

मग तो मोठाच झाला. आमच्या टाउनहॉलमध्येसुद्धा त्याचं प्रदर्शन लागलं, गल्लीतल्या आम्ही बायका मुद्दाम नटून गेलो. पांढऱ्याशुभ्र, भोकाभोकांच्या वस्तू, वरून दिवे, खाली नावं. वेणीला नाव होतं 'रानवेल'. फणी झाली होती 'नेचा'. चांदोबाला अळंबी केलं होतं आणि करंजीला शिंपला. कान्ह्याजवळ शिंपले कुठून आणले कुणास ठाऊक. टेंभऱ्यांची म्हातारी माय फणीपुढं उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "अवो, हे तं कुसुमची फणी हाय." दिगू पाहुण्यांना म्हणाला, "ग्रामीण दर्शक अपने अनुभव से जुड़ रहे हैं." पाहुण्यांनी माना डोलावल्या. वहिनी कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, नवी साडी नेसून. तिला कुणी काही विचारलं नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही. परत येताना मी चिडून बोलत होते तर म्हणाली, "चांगलं दिसत होतं नं पण, पांढरं पांढरं."

तेलाचा घोटाळा दिगूच्या डोक्यात होताच. पुढच्या भाद्रपदात त्यानं सांगितलं, "वहिनी, आता तळू नका. नुसतं करा आणि उन्हात वाळवा." वहिनी पहिल्यांदा नाही म्हणाली. लेकींच्या डोक्यावर कच्चं पीठ कसं टांगायचं? नैवेद्य आहे तो. मग तिनंच तोड काढली. दोन फुलोरे करायचे. एक तळलेला, देवीचा. एक कच्चा, दिगूचा. तळलेला परत गल्लीला मिळायला लागला म्हणून आम्हीही गप्प बसलो. पण एका बाईनं दुप्पट काम करायचं, आठवडाभर आधीपासून, पाठ मोडेस्तोवर. दिगू अधूनमधून येऊन सुचवायचा. या पानाला जरा जास्त मुरड, ही कळी थोडी अर्धोन्मीलित. वहिनी माझ्याकडे पाहून विचारायची, "अर्धो काय म्हणते गं हा?" मी सांगायची, अर्धवट उघडी. ती लगेच करून द्यायची.

पूजेला तो बसायचा कसा तेही सांगते. पाटावर मांडी घालून, एका हातात मोबाइल. गुरुजी म्हणायचे अक्षता वाहा, की हा न बघता वाहायचा, अर्ध्या जमिनीवर. पूजा उरकली की आधी कच्च्या फुलोऱ्याची परात आत नेऊन ठेवायचा, मग जेवायला यायचा. जेवताना मात्र कर्मकांडाबद्दल तक्रार नसायची. पुरणपोळीवर तूप दोनदा घ्यायचा.

गेल्या वर्षी वहिनीची बोटं धरली. वात. सांधे सुजून आले, सकाळी मूठ वळेना. मी तिला चहाचा कप दोन्ही हातांनी धरताना पाहायची. भाद्रपद आला तेव्हा तिनं दिगूला सांगितलं, या खेपेला एकच फुलोरा होईल.

मी तेव्हा तिथंच होते, भाजी चिरून देत होते. दिगू म्हणाला, "मग कच्चाच करा. माझं दिल्लीचं प्रदर्शन आहे, दिवाळीनंतर."

"आन् देवीले?"

"तोच टांगा. देवीले काय समजते? ती काय चावून पाहते?"

तो दारापर्यंत गेला आणि परत वळून म्हणाला, अगदी शांतपणे, "नाही तर मी बसत नाही यंदा. पाहा तुमी. राजेगावले निरोप धाडायचा तर वेळेवर धाडा." आणि गेला. ज्या बाईनं याचं नाक पुसलं, याला भात भरवला, तिला यानं तिच्या लेकींची धमकी दिली. माझ्या हातात सुरी होती. मी ती खाली ठेवली, एवढंच मी त्या दिवशी केलं.

दोन दिवस वहिनी घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आली, पदर खोचलेला, हातांना पीठ. म्हणाली, "मंदा, मी तळलं." आणि पायरीवर बसून रडायला लागली. आता मुखवटे जाणार म्हणून रडत होती. मी तिला पाणी दिलं आणि म्हटलं, चला, गुरुजींना तरी विचारून पाहू, दिगूला काही समजावतात का.

गुरुजी नदीकडच्या देवळात राहतात. आम्ही ई-रिक्षानं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पानाचा तोबरा थुंकून आले आणि म्हणाले, "तो नाही बसत तं तुमी बसा नं."

वहिनी म्हणाली, "मी? मले चालते?"

"काहून नाही चालत? घर तुमचं, चूल तुमची, भक्ती तुमची. किती घरी बसतात बाया आजकाल."

"मंग इतके वर्षं काहून नाही सांगितलं तुमी?"

"मले कोणी विचारलंच नाही," गुरुजी म्हणाले.

परतीच्या वाटेवर वहिनी हसत होती की रडत होती ते मला नीट कळलं नाही. रिक्षावाला आरशातून सारखा पाहत होता.

दिगूला कुणी काही सांगितलं नाही. त्याची खात्री होती की ऐन वेळी वहिनी नमणार. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या, म्हणजे पूजेच्या दिवशी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर तो मला भट्टीच्या शेडमध्ये दिसला. न्हाऊन, केस मागे बांधून, भाऊंचं रेशमी सोवळं नेसून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. बोलावणं येणार म्हणून तयार होऊन बसलेला. शेजारच्या फळीवर खोकी उघडून ठेवलेली, पेंढा घालून. घरातून पुरणाचा वास येत होता, भांडी वाजत होती, गल्लीतल्या बाया आत-बाहेर करत होत्या. कुणी त्याच्याकडे गेलं नाही. तो मोबाइल पाही, दाराकडे पाही, पुन्हा मोबाइल पाही. मला आयुष्यात इतकं समाधान क्वचितच मिळालं आहे. मी कपडे अगदी सावकाश वाळत घातले.

मी खाली जाऊन बायांत बसले. आत आरती सुरू झाली तेव्हा तो आला. दारातच थांबला. पाटावर कुसुमवहिनी बसली होती, सुजलेल्या बोटांत आरतीचं तबक धरून. वर तळलेला फुलोरा, सोन्याच्या रंगाचा, तेलानं चमकणारा. तो आधी फुलोऱ्याकडे पाहत राहिला, मग वहिनीकडे. आणि आरती संपल्या संपल्या, सगळ्यांसमोर, हा देव न मानणारा, गुलामगिरीवर व्याख्यानं देणारा, पानाफुलांतला देव शोधणारा माणूस काय म्हणाला असेल?

"वहिनी, भाऊ नाही आता. तुमी कशा बसल्या पाटावर? हे चालते काय?"

गुरुजी तोंड उघडत होते, वहिनीनं त्यांना हातानं थांबवलं. तिनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. तबक खाली ठेवलं आणि मुखवट्यांकडे पाहतच म्हणाली, "लेकी माह्या आल्या हायेत, दिगू. माय नाही बसन तं कोण बसन?"

त्यावर त्याच्याकडे अस्तित्व नव्हतं की स्पंदन नव्हतं. पंगत बसली. त्याचं पान मांडलेलं होतं, वहिनीनं कुणाला उपाशी ठेवलेलं मी पाहिलेलं नाही. तो जेवला. त्याच्या जेवणाला काही झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. वहिनीनं त्यांच्या ओट्या भरल्या, लेकरांच्या हातावर साखर ठेवली, पुढल्या वर्षी या म्हणाली, आणि या खेपेला ते म्हणताना तिचा आवाज अडखळला नाही. मग ओट्यावर बसून फुलोरा मोडायला घेतला. गल्ली गोळा झाली. पोरंसोरं, टेंभऱ्यांची माय, गुरुजी, मी. कुडुमकुडुम आवाज चालला होता. दिगू शेडमधून आला आणि घोळक्याच्या कडेला उभा राहिला. रिकामं खोकं त्याच्या बगलेत तसंच होतं, ठेवून यायचंही त्याला सुचलं नव्हतं. सगळ्यांना वाटून झाल्यावर वहिनीनं त्याला हाक मारली आणि एक अख्खं पान त्याच्या तळहातावर ठेवलं. विड्याचं, शिरा ओढलेलं, कडा मुरडलेल्या. पूजेला बसायला लागल्यापासून त्यानं ते कधी तोंडात घातलेलं नव्हतं. सगळे खात होते आणि हा एकटा ते हातात धरून उभा होता.

"पाहून काय राह्यला?" वहिनी म्हणाली. "खा नं. तळलेलं हाय."